मॉलीचा डावा हात

क्लेम ट्रेवार्था याचे नाक त्याच्या डोळ्यांहून अधिक जागे होते. कॅसलमेन या जुन्या खाणगावातल्या रविवारच्या बाजारात कुणी जुन्या छायाचित्रांचा अल्बम पुढे केला, तर तो पाने उलटण्याआधी अल्बम नाकाशी धरी, डोळे मिटी आणि दीर्घ श्वास घेई. चहाच्या पाण्यात बुडवून पिवळी केलेली छायाचित्रे सोन्याच्या खाणींच्या काळातली म्हणून कुणीतरी तरुणपणी त्याच्या गळ्यात मारली होती. तेव्हापासून कागदाला चहाचा नुसता भास झाला, तरी त्याच्या मनात पाल चुकचुके.

"क्लेमला चहा द्या," अर्नी पेड्रेटी जुन्या वस्तूंच्या संग्राहक मंडळाच्या सभेत हमखास म्हणे, "पण जपून हं. चहा अस्सल आहे की नाही, ते तो आधी हुंगून बघणार."

सगळे हसत. क्लेमही हसे, कारण बोलणारा अर्नी होता. क्लेम रेल्वेच्या कारखान्यातला जुना फिटर, अर्नी नळ दुरुस्त करीत म्हातारा झालेला. क्लेमची बायको आयव्ही गेली, तेव्हा तिच्या शवपेटीला पुढून खांदा देणाऱ्या दोघांत एक क्लेम होता आणि दुसरा अर्नी. साऱ्या गावावर संशय घेणाऱ्या त्या माणसाने विश्वासाला एवढी एकच खिडकी उघडी ठेवली होती.

आणि प्रेमाला? प्रेमाला तळहाताएवढी एक पेटी होती. चामड्याची, बिजागरीची, आत मखमल, पितळेची नाजूक चौकट, आणि चौकटीत काचेवर उमटलेली एक बाई. सकाळी किटली चुलीवर चढली, की क्लेम पेटीची कडी काढी. पुजाऱ्याने गाभाऱ्याचे दार उघडावे, तितक्या हलक्या हाताने. कापडी तंबूपुढे उपड्या खोक्यावर ती बसलेली. एका हातात बटाटा, दुसऱ्या हातात सुरी. खाणीवरच्या कुणा मजुराची ती कारभारीण. नाव नाही, गाव नाही. क्लेमने तिचे नाव मॉली ठेवले होते, कारण डावखुऱ्या माणसाला इथे मॉलीडूकर म्हणतात.

पाहणाऱ्याला सुरी तिच्या उजव्या हातात दिसे. पण काचेवरची ही जुनी छायाचित्रे आरशासारखी उलटी असतात. उजवे दिसते ते डावे, डावे दिसते ते उजवे. म्हणजे दिसायला ती चारचौघींसारखी आणि असायला डावखुरी! क्लेम हे ज्याला त्याला सांगे, आणि मंडळातले लोक मान हलवून दुसरा विषय काढीत.

आयव्हीही तशीच होती. तिचा डावा हात शाळेतल्या बाईंनी खुर्चीला बांधून ठेवला होता. त्या दिवसांनंतर चारचौघांत तिने कधी डाव्या हाताने काही केले नाही. मात्र स्वयंपाकघरात कुणी नसले, म्हणजे तिचा डावा हात मोकळा होई, आणि बटाट्याची साल अखंड, न तुटता, खाली उतरत जाई. दारातून हे पाहणारा एकटा क्लेम होता; सांगितले त्याने फक्त अर्नीला. म्हणून मॉली ही त्याला मॉली नव्हतीच.

त्या हिवाळ्यात पेटीतली चित्रावरची काच धुरकटली. आतून घाम फुटावा तशी बुरशी चढू लागली. क्लेमची बोटे आता थरथरत. त्याने पेटी अर्नीला दिली. अर्नीने अलीकडे जुन्या पद्धतीने काचेवर छायाचित्रे उतरवण्याचा नाद धरला होता. त्याच्या शेडमध्ये रसायने होती, हत्यारे होती, हात स्थिर होता. काम झाल्यावर अर्नीने फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली पेटी सभागृहाच्या पायरीवर त्याच्या हाती ठेवली आणि मिशीतल्या मिशीत हसला.

"घरी जाऊन बघ. ओळखतोस का, सांग मला."

क्लेमने घरी येऊन कडी काढली. तंबू तोच, खोका तोच, बाई तीच. पण सुरी डाव्या हातात दिसत होती!

काचेवरच्या छायाचित्राचे पुन्हा काचेवर छायाचित्र घेतले, तर काय होते? उलट्याचे पुन्हा उलटे होते. हे क्लेमला कुणी सांगायला नको होते. ही नक्कल होती. अस्सल मॉली अर्नीच्या शेडमध्ये राहिली होती.

संशय मनात एकटा शिरत नाही; आपले सारे गणगोत घेऊन येतो. अर्नीची बोटे हल्ली काळी दिसत होती, ती कशाने? चांदीच्या रसायनाने! शेडला नवे कुलूप लागले होते, ते कशासाठी? फोन वाजत राही, अर्नी उचलत नसे, का बरे? आणि ते हसणे, ते 'ओळखतोस का'! मित्राचा जो शब्द काल मध होता, तो आज चोराचा टोमणा झाला. क्लेमने पेटी नाकाशी धरली. वास आला तो अर्नीच्या शेडचा.

त्याने मंडळाच्या चिटणीस नोला गेथिंग हिला फोन केला.

"नोला, शनिवारच्या सभेत मला एक गंभीर विषय मांडायचाय."

"अगंबाई! मागचा तुझा गंभीर विषय म्हणजे लॅमिंग्टन केकवर खोबरं कमी पडलं होतं."

"हा चोरीचा आहे."

"कुणी केली?"

"सभेत सांगेन."

फोन ठेवल्यावर त्याला कळले, की आपण काय करून बसलो आहोत. नाव घेतले तर उरलेला एकमेव मित्र जाणार. नाव गिळले तर आयव्ही दुसऱ्यांदा जाणार. शुक्रवारी, गवतावरचे दहिवर वितळायच्या आत, पेटी कोटात लपवून तो अर्नीच्या शेडवर गेला.

दार उघडे होते. एप्रन बांधलेला अर्नी खिडकीपाशी एक ओली काच वाळवत होता.

"ये गड्या! म्हटलं, अजून कसा आला नाहीस. मग? ओळखलंस?"

"ओळखलं," क्लेम म्हणाला. "माझी मॉली दे."

"दिली की."

"ही नव्हे. खरी."

अर्नीने हातातली काच खाली ठेवली. त्याने क्लेमच्या कोटाकडे, त्यातून डोकावणाऱ्या पेटीच्या कोपऱ्याकडे पाहिले.

"कोटात घालून आणलीस. पोलिसासारखी."

"मी आंधळा नाही, अर्नी. हात बदललाय."

"उघड ती. काच बाहेर काढ."

"माझे हात थरथरतात."

"मग मी काढू? का आता मी हात लावलेला चालायचा नाही?"

क्लेमने पेटी पुढे केली. अर्नीने चौकट अलगद उचलली, काच मोकळी केली, कडेने धरून खिडकीच्या उजेडात तिरपी केली.

"बघ. ही पुढची बाजू लखलखतेय, ती नुसती काच. आणि ही मागची? वाफ धरल्यासारखी मंद. चित्र मागच्या बाजूला आहे. काच तीच रे. मी पालथी घातलीय."

त्याने ती उलटी केली आणि काळ्या मखमलीवर ठेवली. सुरी पुन्हा उजव्या हातात आली. रोज सकाळी किटलीच्या वाफेत भेटणारी तीच जुनी मॉली!

"मी पेटी उघडली, तेव्हा चित्र वरच्या अंगाला होतं," अर्नी म्हणाला. "म्हणजे उलटं. म्हणजे तू इतकी वर्षं घसा कोरडा करून सांगत होतास, ते खरं होतं. बाई मॉलीडूकरच. म्हटलं, पुष्कळ लपवलं तिनं. आता पालथी घालू या, जशी होती तशी दिसू दे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगायचं? आयव्हीचा हात तुला मी दाखवायचा? म्हटलं, तो तू आपणहून ओळखशील."

क्लेमची नजर दाराकडे वळली, आणि अर्नीने ती पकडली.

"कुलूप ना? आत विष आहे. नातवंडं येतात." त्याने पुन्हा काच पालथी बसवली, पेटी मिटली, क्लेमच्या हाती दिली. "नोला म्हणत होती, उद्या गंभीर विषय आहे. माझं नाव सांगितलंस?"

"नाही."

"मग दुसरा एखादा विषय शोध. चल, माझी काच वाळतेय."

त्या शेडमधून क्लेम प्रथमच चहा न पिता बाहेर पडला.

शनिवारी चर्चमागच्या सभागृहात खुर्च्या भरल्या. चोरीची कुणकुण सर्वांना लागली होती. जो तो शेजाऱ्याच्या पिशवीकडे पाहत होता. अर्नी आला, पण नेहमीच्या जागी, क्लेमशेजारी, बसला नाही. मागच्या रांगेत भिंतीला टेकून उभा राहिला.

"क्लेम," नोला म्हणाली, "तुझा गंभीर विषय."

क्लेम उठला. खिशातून पेटी काढून त्याने कडी उघडली. पेटी त्याने दोन्ही तळव्यांत धरली, ओंजळीत पाणी धरावे तशी.

"चोरी झालेली नाही. मी चुकलो," तो म्हणाला. "ही मॉली. ही डावखुरी होती. आजपर्यंत कुणी मानत नव्हतं. आता नीट बघा."

पुढची माणसे वाकून सुरीकडे पाहू लागली. मागून अर्नीचा आवाज आला; त्यात राग होता, आणि रागाच्या आत कितीतरी जुना जिव्हाळा.

"आम्ही मानलं होतं रे लेका. तूच कुणाचं खरं मानत नव्हतास."