झाकणवालं अंडं

सत्तरच्या दशकात कोल्हापुरातल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मी रोज सकाळी काड्यापेट्या उघडत असे. शौचाचा नमुना काड्यापेटीतूनच आणायचा, हा त्या भागातला अलिखित नियम होता. काही सभ्य मंडळी वरून दोरा गुंडाळत. एकाने तर पेटीवर 'श्री' लिहिलं होतं. आत जंतांची अंडी असत, पण ती इतकी नेहमीची, की गल्लीतल्या माणसांकडे पाहावं तसं मी त्यांच्याकडे पाहत असे.

एका सकाळी मात्र मी खुर्ची पुढे ओढली. पेठ वडगावचे एक आजोबा कुशीत दुखतं म्हणून दाखल झाले होते. त्यांच्या पेटीत हे अंडं होतं: भलं मोठं, पिवळसर आणि एका टोकाला डबीला असावं तसं झाकण. यकृतात राहणाऱ्या चपट्या जंताचं अंडं. मेंढरांत हा जंत चिक्कार, पण आमच्याकडे माणसात तो कुणी पाहिलेला नव्हता.

मोठ्या डॉक्टरांना वर्दी दिली. ते पुण्याचे. त्यांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि त्या क्षणापासून आजोबांना ते 'केस' म्हणू लागले.

"जिल्ह्यातली पहिली केस आहे ही!" परिषदेत निबंध वाचायचं त्यांनी जिना उतरता उतरताच ठरवलं.

पुस्तकात एक खोच होती. जंत लागलेल्या मेंढराचं यकृत खाल्लं, तर त्यातली अंडी खाणाऱ्याच्या पोटातून तशीच बाहेर पडतात. त्याला रोग नसतोच, तो नुसता वाटेतला स्टँड असतो. मी हे डॉक्टरांना सांगितलं.

"विचारलंय मी. केस मटण खात नाही."

प्रश्न मिटला. निदान निबंधापुरता तरी.

मग अंड्याला बरे दिवस आले. गावातले डॉक्टर स्कूटरवरून दर्शनाला येऊ लागले. एक डोळा मिटून प्रत्येक जण "वा!" म्हणे. त्यातल्या एकाने काचपट्टी ठेवायच्या आधीच म्हटलं. फोटोसाठी लग्नाचे फोटो काढणारा एक फोटोग्राफर बोलावला. तो बराच वेळ वाकून पाहत राहिला.

"एकट्याचाच घ्यायचा, का जोडीनं?"

"एकट्याचा," मी म्हणालो.

"मग झाकण जरा क्यामेऱ्याकडं करा की. नाक डोळं कायच न्हाईत, निदान टोपी तरी दिसंल."

या सगळ्यात आजोबा खाटेवर आपले पाय मोजल्यासारखे बघत बसलेले असत. त्यांना जंत मारायला एमेटिनची इंजेक्शनं सुरू करायची होती. या औषधाचा मार हृदयावर बसतो, आणि आजोबांची नाडी आधीच मधूनच एखादा ठोका गाळायची. तरण्या गड्यालाही ती इंजेक्शनं देताना खाटेवरून उठू देत नसत. मी नाडीचं बोललो. डॉक्टर म्हणाले, "काळजी घेऊ आपण." निबंधात 'उपचार' असा मथळा आधीच लिहून झाला होता.

इंजेक्शनचा ट्रे आला त्या सकाळी रक्तासाठी मी तिथेच होतो. डॉक्टर खाटेच्या कडेला बसले आणि मायेने म्हणाले, "आजोबा, आता औषध सुरू करू. पण तुम्हाला काळजाला फार जपावं लागेल हं."

आजोबांचा चेहरा पडला.

"म्हंजे काळीजबी बंद?"

"बंद पडणार नाही हो! घाबरताय काय?"

"घाबरतोय कशाला? पर मग खायाचं काय मी? दात पडलं तवापास्नं मटान सोडलंय. काळीज तेवढं मऊ असतंय. सूनबाई आठवड्याला खरपूस भाजून देती. तेबी सोडू?"

ट्रे धरलेल्या नर्सबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. मी डॉक्टरांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर नोकरी गेली असती.

"पण मी तुम्हाला मटण खाता का, असं स्पष्ट विचारलं होतं," डॉक्टर शेवटी म्हणाले.

"व्हय की. आन् मी न्हाय म्हन्लो. काळीज काय मटान असतंय व्हय डागदर? कुठल्याबी खाटकाला इचारा."

ताटात जे काळीज ते शरीरात यकृत, आणि डॉक्टरांच्या तोंडी जे काळीज ते हृदय, हा घोळ विद्यापीठात शिकवत नाहीत. ट्रे परत गेला. इस्पितळात आजोबांना काळीज मिळण्याचा प्रश्नच नव्हता, तरी सूनबाईंना डबा आणायची बंदी घातली, आणि मी रोज काड्यापेटी तपासू लागलो. पहिल्या पेटीत तुरळक अंडी, मग एखादंच, मग काहीच नाही. कुशीतलं दुखणंही भाकरी न चावता गिळण्याचं निघालं. ती दुधात कुस्करून खा, एवढं सांगितल्यावर थांबलं.

निबंधाचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. फोटो मात्र छान आला होता. फोटोग्राफरने तो हौसेने आपल्या काचेच्या कपाटात, दोन नवरानवरींच्या मध्ये लावला. लोक तो हापूस समजत.

घरी जायच्या दिवशी 'केस'चे पुन्हा आजोबा झाले. त्यांनी पिशवी उचलली आणि जरा खजील होऊन विचारलं, "म्हंजे आता माझ्यात कायच न्हाय?"

"काहीच नाही," डॉक्टर म्हणाले. आवाजात थोडं दुःख होतं. मग सवयीने त्यांच्या तोंडून गेलंच: "फक्त काळजाला जपा."

"जपतो की," आजोबा म्हणाले. "खाटकाला आदल्या दिशीच सांगून ठिवतो."