कपाटातला आवाज

एकच वाक्य आयुष्यात सर्वांत जास्त वेळा बोललेला माणूस शोधायचा झाला, तर तो मीरा रोडला माझ्या ताईच्या घरी, तिच्या साड्यांच्या कपाटात उभा असलेला सापडेल. हे माझे भावोजी. भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी बनवणाऱ्या एका कारखान्यात ते तीस वर्षं शिफ्ट सुपरवायझर होते. निवृत्तीनंतर माणसाने जरा टेकावं अशी जी सर्वसाधारण अपेक्षा असते, ती त्यांनी पहिल्याच आठवड्यात धुडकावून लावली. घरातले पंखे उघडून झाले, शेजारच्यांचे उघडून झाले, सोसायटीच्या टाकीची झाकणं बदलून झाली, तेव्हा ताईचा मला फोन आला. "ह्यांना कुठेतरी अडकव रे, नाहीतर मी माहेरी निघून येते. आणि माहेर म्हणजे आता तूच." मी पूर्वी लग्नातल्या ऑर्केस्ट्रांना साउंड लावायचो, आता भाईंदर पश्चिमेला घरीच बसून लोकांची रेकॉर्डिंगं साफ करून देतो. एका कंपनीला कामगारांच्या ऑनलाइन प्रशिक्षणासाठी मराठी आवाज हवा होता. मोबाइलवर चित्रं सरकतात आणि मागून कुणीतरी सांगतं, हेल्मेट घाला, पट्टा लावा, हात धुवा, ते कुणीतरी. भावोजींचा आवाज खर्जातला, उच्चार स्वच्छ, म्हणून मी त्यांचं नाव सुचवलं. गेली चार वर्षं मी त्याची फळं भोगतोय. खरं तर प्रेस मशीनच्या एका कोर्सबद्दल सांगायला बसलोय. तो एक कोर्स आपल्या आवाजात आणि आपल्या मनासारखा व्हायला हवा, एवढी एकच गोष्ट या माणसाने आयुष्यात हट्टाने मागितली. पण भावोजींबद्दल काहीही सरळ सांगता येत नाही, कारण ते स्वतः कुठेही सरळ जात नाहीत.

सगळं बिघडलं ते एका शब्दाने. पहिलं रेकॉर्डिंग ऐकून कंपनीतल्या मॅडमनी कळवलं, "आवाज छान आहे, फक्त थोडं नॅचरल हवं." भावोजींनी मला विचारलं, नॅचरल म्हणजे काय. मी म्हटलं, तुम्ही बोलता तसं. ते म्हणाले, मी बोललोच की. मी म्हटलं, नाही, तुम्ही वाचलंत. त्यानंतर त्यांच्या जिवाला स्वास्थ्य म्हणून राहिलं नाही. लोक नॅचरल कसे बोलतात याचा अभ्यास करायला ते वही घेऊन बाहेर पडले. भाजीवाल्यापाशी उभे राहायचे ते भाजी न घेता, बँकेत रांगेत लागायचे ते नंबर आला की मागे जाऊन पुन्हा लागायचे. एकदा माझ्याकडे यायला निघाले आणि स्टेशनबाहेर भलत्याच, राई गावाला जाणाऱ्या शेअर रिक्षात बसले, कारण आत दोन बायका गच्चीच्या गळतीबद्दल फार सुरेख बोलत होत्या. वाटेत मुर्धा गावापाशी त्यांनी एकीला विचारलं, "ताई, तुम्ही 'मग काय' म्हणायच्या आधी थांबता, ते मुद्दाम की आपोआप?" बायकांनी रिक्षा थांबवली आणि त्यांना पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसवलं. राईपर्यंत जाऊन परत येईस्तोवर ड्रायव्हरचंही बोलणं वहीत उतरलेलं होतं. महिनाभराने या अभ्यासातून एक सिद्धान्त निघाला, की खरा माणूस वाक्य कधी पुरं करत नाही. त्याबरहुकूम त्यांनी आगीचा कोर्स रेकॉर्ड केला. "आग लागली, म्हणजे लागलीच समजा, तर आपण काय करतो, जिना." मॅडमचा निरोप आला, एवढं नॅचरल नको.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. बोलताना चूक झाली की एक टाळी वाजवायची आणि वाक्य पुन्हा म्हणायचं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर टाळीचा उंच सुळका दिसतो, त्यामुळे कुठे कापायचं ते माझ्यासारख्याला चटकन कळतं. ही पद्धत मीच त्यांना शिकवली आणि मीच पस्तावलो, कारण भावोजींनी ती संसारातही लागू केली. राईहून येणाऱ्या मावशीकडे मासे घेताना "पापलेट कसं दिलंत?" असं विचारायचे, स्वतःशीच नाक मुरडायचे, टाळी वाजवायचे. "थांबा, परत घेतो. पापलेट कसं दिलंत?" मावशीने तीनदा भाव सांगितला आणि चौथ्यांदा कोयता खाली ठेवला. "आरं बाबा, पापलेट हाय, हलवा न्हाय. घ्यायचा हाय का न्हाय, त्या एकदाच सांग." सर्वांत कठीण प्रसंग आला तो खालच्या मजल्यावरच्या काकांचे वडील वारले तेव्हा. भावोजी समोर बसले, हात जोडले आणि म्हणाले, "फार वाईट झालं." आवाज त्यांना जरा कोरडा वाटला असावा. भरल्या घरात टाळी वाजली. ताईने डोळे मिटून घेतले. भावोजी खाली मान घालून, मनापासून, पुन्हा म्हणाले, "फार वाईट झालं." दुसरा टेक खरोखरच चांगला होता, हे मला कबूल केलं पाहिजे.

कपाटाचं म्हणाल तर ते माझ्याच डोक्यातून निघालं. मीरा रोडच्या इमारतीत शांतता ही वस्तूच मिळत नाही. कुणाच्या तरी घरी फरशी बदलणं चालूच असतं, आणि ते थांबलं की कबुतरं असतात. ताईच्या कपाटातल्या साड्या दोन्ही बाजूंना सारून मागे गोधडी लावली तर आवाज छान दबतो. प्रश्न एवढाच, की भावोजींना चालल्याशिवाय बोलता येत नाही, आणि कपाटात दोन पावलं मावत नाहीत. मग ते तिथल्या तिथे पाय बदलत राहायचे, हातवारे करायचे, हँगर खडखडायचे, आणि "कार्यस्थळी मन शांत ठेवा" या वाक्यामागे एखादी पैठणी धप्पकन पडल्याचा आवाज यायचा. शिवाय जे सांगायचं ते आधी स्वतः केल्याशिवाय बोलायचं नाही, हा आणखी एक नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला. उंचावर काम करण्याच्या कोर्ससाठी कमरेला दोर बांधून ते सोसायटीच्या शिडीवर चढले. खाली सेक्रेटरी शाहभाई अगदी काकुळतीला आलेले. "अंकल, नीचे उतरो ना, प्लीज. बिल्डिंग का नाम खराब होता है." वरून भावोजी शांतपणे म्हणाले, "दो मिनट, शाहभाई. मुझे देखना है इधर डर लगता है क्या." भीती वाटली. त्या कोर्समधला आवाज किंचित कापरा आहे, आणि मॅडमना तो फार आवडला.

यंदा प्रेस मशीनचा कोर्स आला. प्रेस म्हणजे पत्र्याला दाबून त्याची ताटली, वाटी करणारं मशीन. सबंध कोर्स वीस मिनिटांचा. भावोजींनी दोनदा रेकॉर्ड केला, मॅडमनी दुसरा पास केला, आणि इथे कुणीही माणूस हुश्श करून चहा प्यायला गेला असता. भावोजींनी मला फोन केला. "तो पाठवू नकोस. परत घेतो." त्यांनी परत घेतला, अकरा वेळा घेतला. मॅडम वैतागल्या. शनिवारपर्यंत आलं नाही तर आम्ही कॉम्प्युटरचा आवाज लावून टाकतो, म्हणाल्या, हल्ली तोही वाईट येत नाही. मीरा रोडला जाऊन मी भावोजींवर चांगलाच चिडलो. म्हटलं, पास झालेलं काम कुणी असं फेकून देतं का? ते नुसते पाय बदलत उभे राहिले. ताईने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि मेथी निवडता निवडता जे सांगितलं ते इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हतं.

कारखान्यात रोज सकाळी शिफ्ट सुरू होताना सुरक्षेची नोटीस वाचायचं काम भावोजींचं होतं. मशीन पूर्ण थांबल्याशिवाय हात आत घालू नये. रोज तेच वाक्य, रोज त्याच सुरात. अशाच एका सकाळी त्यांनी नोटीस वाचली, आणि तासाभरात मंगेश नावाच्या एका कामगाराची उजव्या हाताची दोन बोटं प्रेसमध्ये गेली. अलिबागकडचा, बाविशीचा मुलगा, नुकतंच लग्न झालेलं. चौकशी झाली, नोटीस वाचली होती असं रजिस्टरमध्ये होतं, भावोजींवर काही बालंट आलं नाही. "पण ह्यांना वाटतं," ताई म्हणाली, "आपण वाचलं, सांगितलं नाही. कुणी ऐकेल असं बोललोच नाही. मॅडमने तो 'नॅचरल' शब्द वापरला ना, तेव्हापासून ह्यांना तेच टोचतंय." मंगेश नंतर कुठे गेला, असं मी विचारलं. ताईने माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं. तुझ्याच घरामागच्या गल्लीत त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे, म्हणाली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की भावोजी माझ्याकडे येताना ती गल्ली सोडून नेहमी आमच्याकडच्या तलावाला वळसा घालून का येतात. मी आपला समजत होतो, व्यायाम.

शुक्रवारी मी त्यांना जवळजवळ ओढत त्या दुकानात नेलं. मंगेश आता पन्नाशीला आलाय, पोट सुटलंय, चष्मा आहे. त्याने भावोजींना ताबडतोब ओळखलं, स्टूल पुसून पुढे केलं, समोरून चहा मागवला. भावोजी बसले नाहीत. गल्ल्यापासून दारापर्यंत आणि दारापासून गल्ल्यापर्यंत चालत राहिले, आणि कोर्सबद्दल मलाच सांगावं लागलं. मंगेशने हेडफोन लावला, तेराव्या टेकची वीस मिनिटं पुरती ऐकली, मध्ये एकाच्या आधार कार्डाच्या दोन प्रती काढून दिल्या, पण हेडफोन काढला नाही. तीनच बोटांनी तो कागद इतका सफाईने उचलत होता, की मला बघवेना आणि नजरही हटेना. ऐकून झाल्यावर भावोजी दारातच थांबले.

"खरं सांग," ते म्हणाले. "त्या दिवशी मी असं बोललो असतो, तर तुझा हात थांबला असता?"

मंगेशने हेडफोनची वायर गुंडाळत जरा विचार केला. "नाय साहेब. तुम्ही तेव्हा पण बरोबरच बोललेलात. मीच ऐकत नव्हतो. सकाळी बायकोशी भांडून आलेलो, डोक्यात तेच चालू होतं."

"मग कसं बोललो असतो तर ऐकलं असतंस?"

"आता काय सांगू? तुम्ही सगळ्यांना सांगायचात. सगळ्यांना सांगितलं की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याला सांगतायत." तो थोडा हसला, मला वाटतं भावोजींना बरं वाटावं म्हणून. "नावाने हाक मारली असतीत तर बघितलं असतं वर. नावाने हाक मारली की माणूस बघतोच ना."

भावोजी खाली बसले, चहा प्यायले. निघताना त्यांनी मंगेशचा तो हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मंगेशच म्हणाला, "असू दे साहेब, खूप वर्षं झाली."

शनिवारी सकाळी ते कपाटात गेले आणि चाळीस मिनिटांत बाहेर आले. ताई म्हणते, हँगर एकदाही वाजला नाही. फाइल माझ्याकडे आली, मी कानाला हेडफोन लावला, आणि पहिल्याच वाक्याला थबकलो. "मंगेश, आधी मशीन बंद कर." स्क्रिप्टमध्ये होतं, 'मशीन बंद करा.' पुढचं वाक्य, "मंगेश, चाक पूर्ण थांबलंय का बघ." त्यांनी सबंध कोर्स असाच म्हटला होता, आणि प्रत्येक वाक्य लगेच पुन्हा, नाव सोडून, स्क्रिप्टप्रमाणे. पहिलं मंगेशला, दुसरं कंपनीला, आणि दुसऱ्यात पहिल्याची ऊब तशीच उरलेली. माझं काम सोपं होतं, पहिलं कापायचं आणि दुसरं ठेवायचं. मी आयुष्यभर लोकांचे खोकले, श्वास, खुर्च्यांची करकर कापत आलोय, काही वाटत नाही. त्या दिवशी मात्र दर वाक्याला ते नाव कापताना शेवटी शेवटी मला पडदा नीट दिसेना. दुपारी फाइल पाठवली. मॅडमना इतकी आवडली की पुढचे तीन कोर्स त्यांनी फोनवरच देऊन टाकले. भावोजी आता पुन्हा वही घेऊन हिंडतात, ताई पुन्हा माहेरी यायच्या धमक्या देते, सगळं पूर्ववत आहे.

फक्त त्या फाइलच्या शेवटाबद्दल मी अजून कुणाला बोललेलो नाही. स्क्रिप्ट संपल्यावर माइक बंद करायचं ते विसरले असावेत. थोडा वेळ नुसता श्वास ऐकू येतो, आणि मग, अगदी हळू, समोर उभ्या असलेल्या माणसाला म्हणावं तसं, "थांब रे मंगेश. जरा थांब." पुढे काही नाही. कंपनीला त्याचा उपयोग नव्हता, म्हणून कोर्समधून मी ते काढलं. पुसून मात्र टाकलं नाही, माझ्याकडे वेगळं ठेवलंय.