कामरगावचे आठ वाघ

निसर्गाकडे पाठ करून निसर्गाचा एवढा अभ्यास करणारा माणूस उभ्या वाशीम जिल्ह्यात दुसरा नाही, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवता शिकवता पन्नाशीला त्याने पीएचडी करायला घेतली. विषय काय, तर लोक सोशल मीडियावर निसर्गाबद्दल काय लिहितात. त्यासाठी तो सुट्टीत कामरगावला आमच्या घरी येतो, खिडकीकडे पाठ करून बाजेवर बसतो आणि दिवसभर फेसबुक चाळतो. एकदा बाहेरच्या बोरीवर भारद्वाज येऊन बसला. बायको कौतुकाने म्हणाली, "भाऊजी, पाहा तरी!" मान वर न करता हा म्हणतो, "फोटो टाका, मंग पाह्यतो." प्रामाणिकपणात मात्र त्याचा हात कुणी धरणार नाही. कुणाचं खासगी उघड होऊ नये म्हणून तो पोस्टमधली नावं, फोटो सगळं गाळतो आणि नुसती वाक्यं वहीत उतरवतो.

गेल्या पौषात एका सकाळी त्याने पांढराफटक चेहरा वर केला. "साडूभाऊ, गावात आठ वाघ हायेत. लोकच लिहून राह्यले!"

दुपारपर्यंत गावभर झालं. इकडे माझी तूर सोंगणीला आलेली, शेंगा तडकून दाणे मातीत पडत होते, आणि बाया शेतात यायला तयार नाहीत. "तूर गेली तं जाऊ द्या भाऊ, आमी नाई येत वाघाच्या तोंडात!" वर्षाचं पीक डोळ्यांदेखत गळत होतं आणि हा बाजेवर नववा वाघ शोधत होता. माझं टाळकं सरकलं. वही हिसकावली आणि अंगणात जमलेल्या बायांपुढे वाचायला लागलो, "ढाण्या वाघ आज चार वाजता गावात येत आहे. सर्वांनी स्टँडवर जमावे."

सुगंधाबाई तोंडाला पदर लावून खाली बसली. "अवो, हा तं माहा गजू! वाढदिवसाले पुण्याहून आला होता. वाघ कायचा, उंदीर दिसला तं बाजेवर चढते!"

मग दुसऱ्या वाघाची आई निघाली, तिसऱ्याची आत्या, आणि एक तर चक्क तिथल्याच एकीचा नवरा निघाला. हसता हसता बायांनी विळे उचलले. माझ्या जिवात जीव आला. तूर वाचली.

संध्याकाळी साडू पहिल्यांदाच शेतात आला. मी चिडवायच्या तयारीतच होतो. तो बांधावर उभा राहून लांबच्या झुडपांकडे पाहत होता.

"वाघ नाई निघाले ते बरंच झालं म्हणा," तो म्हणाला. मग हळूच, "पण एखांदा खरा असता ना, साडूभाऊ..."

बाया घरी गेल्या तरी आम्ही दोघे तिकडेच पाहत उभे होतो.