इंजिन बघण्याचा कार्यक्रम

गॅरेजमधले किस्से ग्रीससारखे असतात. कुणी मुद्दाम अंगाला लावून घेत नाही. तासभर बसून घरी गेलं की बाहीवर निघतात. बायको विचारते, "हा डाग कुठला?" तेव्हा कळतं, आज एक नवा लागला.

सरकारी कचेरीत चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळून मी निवृत्त झालो. सकाळी दहाला कुठेतरी जाऊन बसायची सवय काही मोडेना, म्हणून जळगावच्या औद्योगिक वसाहतीत सुभाषनानांच्या गॅरेजमध्ये जाऊन बसू लागलो. नाना साठीचे, कमी बोलणारे मिस्त्री. शेजारच्या शेडमध्ये कादरभाई वेल्डर. त्यांच्याकडे काम कमी आणि मतं जास्त. बसायला मोडीत निघालेल्या बसची एक सीट आहे. मला गाडीतलं काही कळत नाही, आणि हे मी कुणापासून लपवलेलं नाही. त्यामुळे सगळे माझा सल्ला घेतात.

पुढचे किस्से एकाच गाडीचे आहेत.

*

गाडी हेमंतची. म्हणजे चालवणार हेमंत. कागदावर ती त्याच्या वडिलांची, आबांची. आबा एरंडोल तालुक्यात कापूस पिकवतात. अठरा वर्षं त्यांनीच ती गाडी चालवली. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा हलका झटका आला, डावा हात मंदावला, आणि डॉक्टरांनी स्टिअरिंग बंद केलं. आबांनी किल्ली काढून खुंटीला अडकवली. त्या दिवसापासून गाडीबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

हेमंतचं जळगावात ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे. वय तीस. गाडीला टर्बो बसवायचा, असं त्याच्या मनात आलं. मी म्हटलं, "एरंडोल ते जळगाव तीस किलोमीटर. त्यातले निम्मे डायव्हर्शन. तुला एवढ्या लवकर पोचायचंय कुठे?"

"पोचायचं नाही काका," तो म्हणाला, "निघायचंय."

चौतीस वर्षांत असा एकही अर्ज माझ्या टेबलावर आला नव्हता.

*

टर्बो म्हणजे काय, हे नानांनी मला एकदाच समजावलं. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरवायचा, आणि त्या पंख्याने इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. हवा जास्त, तर पेट्रोल जास्त, तर ताकद जास्त.

"म्हणजे पंगतीतला आग्रह," कादरभाई म्हणाले. "एक जिलबी अजून, एक अजून."

"बरोबर," नाना म्हणाले. "आणि जेवणारा वीस वर्षं जुना असला की उठताना काय होतं?"

जुन्या इंजिनावर टर्बो चढणार नाही, हे त्या जिलबीने ठरलं. आता इंजिनच दुसरं शोधायचं होतं.

*

पहिलं इंजिन फुकट मिळत होतं. हेमंतच्या अमळनेरच्या चुलतभावाचं एक डिझेल पिकअप शेडमध्ये उभं होतं. इंजिन चांगलं, टर्बो कंपनीनेच दिलेला, मापातही बसत होतं. इंजिन ज्यावर बसतं ते फाउंडेशन कापायची कादरभाईंनी तयारी केली. सगळ्यांनी शिष्टाचार म्हणून माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "गाडीच्या कागदावर पेट्रोल लिहिलंय."

"कागद काय पळणार आहे का, भाऊसाहेब?" कादरभाई म्हणाले.

"कागद पळत नाही. म्हणूनच गाडी त्याला चुकवू शकत नाही."

सरकारला गाडी किती जोरात पळते याच्याशी फारसं घेणं नसतं. कागदावरचा नंबर आणि लोखंडावरचा नंबर एक असावा, एवढीच त्याची माफक इच्छा असते. इंजिन गाडीच्याच कंपनीचं, पेट्रोलचंच हवं. आधी अर्ज, मग परवानगी, मग नोंद. आणि अर्जावर मालकाची सही. मालक म्हणजे आबा.

"सहीचं काही नाही," हेमंत म्हणाला. "घरचीच आहे."

घरच्या सह्यांचा अनुभव त्याला कमी होता.

*

त्याच कंपनीचं, पेट्रोलचं, टर्बोवालं इंजिन धुळ्याला पारसमलशेठकडे असल्याचं कळलं. हायवेला ठोकलेल्या गाड्या घेऊन त्यांचे चांगले भाग विकायचे, हा शेठजींचा धंदा. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले. नातवाचं मराठी माझ्याहून शुद्ध आहे.

नानांची एक रीत आहे. जुनं इंजिन घ्यायचं तर ते मुलगी बघायला जातात तसं बघायचं. धुतलेले कपडे. सोबत वयस्क माणसं. चहा झाल्याशिवाय विषय काढायचा नाही. मग घराणं विचारायचं: कुठल्या गावची गाडी, कुणी चालवली, किती जणांच्या हातून गेली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथल्या तिथे हो म्हणायचं नाही. उठताना "कळवतो" म्हणायचं, घरी यायचं, एक रात्र जाऊ द्यायची. नाना म्हणतात, समोर बसून होकार देणाऱ्याचा पाय पुढे घसरतो.

आम्ही चौघे गेलो. इंजिन देखणं होतं. पारसमलशेठ प्रत्येक प्रश्नाला न चिडता उत्तर देत होते. नानांनी विचारलं, "सोबत काय काय येईल?" शेठ म्हणाले, "गिअरबॉक्स, वायरिंग, कॉम्प्युटर. अंगावरच्या सगळ्यानिशी." नाना खूश झाले. हेमंतचे डोळे लकाकत होते. नाना उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "कळवतो."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कळवलं. शिरपूरचा एक गडी आदल्या संध्याकाळी आला, चहासुद्धा न पिता हो म्हणाला आणि इंजिन घेऊन गेला.

नाना दिवसभर दुसऱ्याच एका गाडीखाली होते. संध्याकाळी फक्त म्हणाले, "अशा घरात ते सुखी राहणार नाही."

*

दीड महिन्याने शेठजींकडे तसंच दुसरं आलं. गाडी मागून ठोकलेली, त्यामुळे इंजिनाला धक्का नव्हता. शेठजींनी ते लोखंडी घोडीवर बांधून, बॅटरी आणि पेट्रोलची नळी जोडून चालू करून दाखवलं. नानांनी लांब पेचकस काढला. त्याचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. डॉक्टर छाती तपासतो, तसं.

बऱ्याच वेळाने पेचकस माझ्या हातात देत म्हणाले, "ऐका."

मी ऐकलं. मला इंजिन ऐकू आलं. ते पेचकसाशिवायही ऐकू येत होतं. पण साहेबांनी पुढे केलेल्या मसुद्यावर मान हलवण्यात माझी हयात गेली, म्हणून मी मान हलवली.

"हळू चालवणाऱ्या माणसाच्या हातचं आहे," नाना म्हणाले. "कुणीतरी रोज सकाळी मिनिटभर थांबून मग गिअर टाकलाय."

या खेपेला हेमंतने धोका पत्करला नाही. नाना चहा पीत असतानाच त्याने आणि कादरभाईंनी इंजिन टेम्पोत चढवलं, दोर बांधला. नाना बाहेर आले, टेम्पोकडे पाहिलं, शेठजींना हात जोडले आणि म्हणाले, "कळवतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी धुळ्याला फोन लावला. "पसंत आहे."

पलीकडून शेठजी म्हणाले, "चांगलं झालं, नाना. मी काळजीत होतो."

*

नवं इंजिन आलं, त्या उत्साहात जुनं बाहेर निघालं. गिअरबॉक्सही उतरला. मग सगळ्यांना सहीची आठवण झाली.

हेमंत अर्ज घेऊन गावी गेला. आबांना चष्मा सापडेना. दुसऱ्या खेपेला चष्मा सापडला, पण अमावस्या होती. तिसऱ्या खेपेला पेन बरोबर चालेना. चौथ्या खेपेला म्हणाले, "ठेव, वाचसू." फाइल अडवणारे भले भले अधिकारी मी जवळून पाहिले आहेत. त्यांना निदान खोटं खोकावं तरी लागायचं. आबा नुसते शांत असायचे. त्यांनी एकदाही नाही म्हटलं नाही.

महिना गेला. हेमंत वाळत चालला. सही झाली नाही तर एक गाडी दोन इंजिनं असूनही रस्त्यावर येणार नव्हती. शेवटी कागदाचा माणूस म्हणून मला पाठवलं.

आबांनी ओट्यावर खाट टाकली. चहा आला. कापसावर बोलणं झालं, बोंडअळीवर झालं. मी अर्ज पुढे केला. त्यांनी तो पहिल्या ओळीपासून खालच्या टिपेपर्यंत वाचला. असा वाचणारा माणूस मी नोकरीत पाहिला नव्हता. मग त्यांनी विचारलं, "भाऊसाहेब, मना इंजिनले काय व्हयनं?"

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, त्याला काहीच झालेलं नव्हतं. निघालं त्या दिवशीसुद्धा पहिल्या सेल्फला चालू झालं होतं. एवढंच, की ते जुनं होतं, आणि जास्तीची हवा त्याला सोसणार नव्हती. मलाही अठ्ठावन्नाव्या वर्षी नारळ आणि शाल देऊन काढलं, तेव्हा माझं काही बिघडलेलं नव्हतं. त्या दिवशी हे विचारायला मात्र कुणी नव्हतं.

"काही नाही झालं, आबा," मी म्हटलं.

"मंग ठीक शे," ते म्हणाले, आणि अर्ज घडी करून खिशात ठेवला.

मी सही न घेता परत आलो. हेमंतने विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, "कळवतो म्हणाले."

*

पुढच्या सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास आबा गॅरेजच्या फाटकात उभे. एसटीने एकटेच आले होते. हेमंत दुकानातून धावत आला. आबांनी कुणाला काही विचारलं नाही. ताडपत्री उचलून जुन्या इंजिनाकडे पाहिलं. नव्याकडे पाहिलं. मग गाडीकडे गेले, उजवीकडचं दार उघडलं आणि आत बसले.

बॉनेटखाली मोकळी जागा होती. पुढचं वजन गेल्यामुळे गाडीचं नाक वर आलं होतं. आबांनी सीट पुढे घेतली, आरसा पुसला, काच खाली केली आणि म्हणाले, "लोटा."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग नाना मागे गेले. नाना गेले म्हणून कादरभाई गेले. हेमंत एका कोपऱ्याला, मी दुसऱ्या.

गाडी हलली. अंगणात एक वळसा झाला. आबांनी डाव्या पायाने क्लच दाबला, डावा हात सावकाश उचलून दांड्यावर ठेवला आणि दुसरा गिअर टाकला. दांड्याला खाली काहीही जोडलेलं नव्हतं. फाटकाशी त्यांनी उजवा हात बाहेर काढून वळण्याची खूण केली. आम्ही रस्त्याला लागलो. मागून एक टेम्पो हॉर्न देत आला. आबांनी हाताने त्याला पुढे जायला सांगितलं. टेम्पोवाला पुढे जाताना आम्हा चौघांकडे बराच वेळ बघत गेला.

"तिसरा टाकला," कादरभाई धापा टाकत म्हणाले. "आता जोर लावा."

आम्ही जोर लावला.

चहाच्या टपरीपाशी आबांनी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. ते उतरले, खिशातून अर्ज काढला, बॉनेटवर ठेवला, चष्मा लावला आणि सही केली. कागद माझ्या हातात दिला.

मग गाडीला पुढून वळसा घालून डावीकडे गेले, दार उघडून बसले. डाव्या हाताने पट्टा ओढायला वेळ लागला. कुणी मदत केली नाही. पट्टा लागल्यावर त्यांनी शेजारच्या रिकाम्या सीटवर हात थोपटला.

हेमंत स्टिअरिंगवर येऊन बसला.

"हां, चाल," आबा म्हणाले. "हळू चाल."

नाना, कादरभाई आणि मी पुन्हा मागे गेलो.