काकीच्या विहिरीचं पाणी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट ठाऊक नाही.

आंबिवलीच्या पलीकडे आमचं गाव. जमिनीतला गॅस शोधायला घरामागच्या भातखाचरात मनोरा उभा राहिला आणि दिवसभर घरघर सुरू झाली. फळीवरची भांडी थरथरायची. सवय झाली — सवय कशाची होत नाही? त्यातून माझ्या पोराला, नीलेशला तिथेच फिटरची नोकरी लागलेली.

मग शेजारची शेवंताकाकी म्हणायला लागली, विहिरीच्या पाण्याला डिझेलचा वास येतो. एकटी बाई, पण खमकी. प्यायचं पाणी आमच्या नळावरून न्यायला लागली आणि तक्रार ठोकली. नमुना घ्यायला साहेब आले, पंच म्हणून मला बोलावलं. साहेब अंगणात कागद भरत बसले, काकी आत त्यांच्यासाठी चहा टाकत होती. बाटली भरायला मी गेलो. बादली वर ओढली — आणि वास आला. काम बंद पडलं तर नीलेशचं काय? एवढंच डोक्यात आलं. बादली ओतून दिली आणि बाटली आमच्या नळाखाली धरली. वर पंच म्हणून सहीही केली.

अहवाल आला — पाणी शुद्ध. नाक्यावर पोरं म्हणायची, गॅस जमिनीत नाही, काकीच्या पोटात आहे. मीही हसायचो. शेवटी तीच माझ्याकडे आली. "रघू, माझंच नाक बिघडलं रे. उगाच सगळ्यांना त्रास दिला." मी काय म्हणालो असेन? "असू दे काकी, वयानं होतं असं."

त्या दिवसापासून ती पुन्हा विहिरीचं पाणी प्यायला लागली.

पुढे नीलेशचं लग्न ठरलं. हळदीच्या आंघोळीचं पाणी आमच्या आळीत कायम काकीच्या विहिरीचं, तशी रीतच आहे. काकीने हौसेनं स्वतः उपसून हंडा भरून दिला. तो मी मागच्या दारी नेला, मोरीत रिकामा केला आणि नळाखाली लावला. पोराच्या अंगाला ते पाणी लागू द्यायचं नव्हतं मला.

मनोरा आता दुसऱ्या गावाला गेलाय. नीलेशही त्याच्यामागे गेला. काकी अजून तेच पाणी पिते, आणि मी अजून तिला काही सांगितलेलं नाही.