शत्रूच्यादेखत मासवडी

"बसा, वाढलंय," असं म्हणत बाई शेजारची खुर्ची ओढायच्या आणि मगच स्वतःचा डबा उघडायच्या. फरीदाबादच्या आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये तुम्ही हे एकदा पाहिलं असतं, तर या जन्मतःच मोठ्या मनाच्या असणार असं तुम्हांला वाटलं असतं. तशा त्या नव्हत्या. मी साक्षीदार आहे.

बाई मूळच्या नगरच्या, आमच्या तपासणी विभागात. सुटा भाग हातात घेतला की मोजण्याआधीच त्यांना खोट कळायची. एकदा खराब मालाची पेटी त्यांच्या सहीनिशी बाहेर गेली. स्टोअरच्या चौधरींकडून पेट्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती हे आम्हांला पक्कं ठाऊक होतं, पण पुरावा नव्हता आणि चौधरींनी कानांवर हात ठेवले. बाईंचं मोजमापाचं व्हर्नियर काढून घेतलं आणि त्यांना फायली लावायला बसवलं. उभ्या आयुष्यात कमावलेलं नाव एका दिवसात गेलं.

त्या रविवारी आमच्या घरी मराठी ख्रिस्ती मंडळींची प्रार्थनासभा होती. तेविसावं स्तोत्र निघालं. 'तू माझ्या शत्रूंच्यादेखत माझ्यापुढे ताट वाढतोस' या ओळीपाशी बाई थबकल्या. अर्थ विचारला, तर पाळकसाहेब घसा खाकरून पुढच्या ओळीवर गेले. मग बाईंनीच अर्थ लावला आणि सोमवारपासून अमलात आणला. चौधरींच्या बरोबर समोरचं टेबल धरलं आणि भाकरी, रस्सा, मासवडी असं साग्रसंगीत ताट मांडून चवीचवीने जेवू लागल्या. "वचन पाळतेय," म्हणाल्या. खरं सांगतो, मलाही मजा यायची. चौधरी मान खाली घालून पराठा गिळायचे.

हे चार महिने चाललं. मग एका सभेत वाचनाची पाळी माझ्या बायकोवर आली. ती लखनौची, तिचं बायबल हिंदी. त्यात ताट नाही, मेज आहे. वाचता वाचता ती सहज म्हणाली, "आंटी, मेज़ पर अकेला कौन खाता है?"

निघताना दारात चपला घालत बाई मला म्हणाल्या, "ताट एकट्याचं असतं रे. मेजाला खुर्च्या असतात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि अख्ख्या कँटीनसमोर चौधरींना हाक मारली. धांदलीत हिंदी विसरल्या. "चौधरीजी, बसा, वाढलंय." चौधरी जागचे हलले नाहीत. मी बाईंवर चिडलो, एवढा राग गिळला तरी कसा, असं विचारलं.

"गिळलेला नाही," त्या म्हणाल्या. "आहे तिथेच आहे. राग असतानाही वाढता येतं."

तीन दिवस खुर्ची रिकामी राहिली. चौथ्या दिवशी चौधरी चार पावलांवर येऊन उभे राहिले आणि कसनुसं तोंड करून त्यांनी विचारलं, "मैडम, इसमें मांस है क्या?" कोणीतरी त्यांना पदार्थाचं नाव सांगितलं होतं. मासवडीत बेसन, तीळ आणि खोबरं असतं हे सांगताना बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांचं हसू आम्ही विसरूनच गेलो होतो. चौधरी बसले.

आठवडाभर ते रोज येऊन बसले. मग एका सोमवारी हातातला घास तसाच धरून म्हणाले, "पर्ची मुझसे बदली थी, मैडम."

"मालूम है," बाई म्हणाल्या. "पहले खा लीजिए."

जेवण झाल्यावर चौधरी थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. दुपारच्या चहाआधी बाईंचं व्हर्नियर त्यांच्या हातात परत आलं. ते घेऊन त्या यंत्रांच्या मधून ताठ मानेने चालत निघाल्या. कोणीतरी पान्याने लोखंडावर ठेका धरला आणि बघता बघता सगळा हॉल घणघणू लागला. मी रडलो आणि त्याची मला मुळीच लाज वाटली नाही.

मागच्या वर्षी निवृत्त होऊन बाई नगरला गेल्या. त्यांनी चौधरींना मेजावर घेतलं होतं, मी नाही. बाईंसाठी म्हणून तिथे बसायचो, पण चौधरींशी एक शब्द बोलायचो नाही. त्या गेल्यावर तर कोपऱ्यात पाठ करून जेवू लागलो. परवा मागे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. वळून पाहिलं, तर बाईंच्या जागी चौधरी. डबा अजून उघडलेला नव्हता. हरियाणवी जिभेने, एकेक अक्षर जपून उच्चारत ते म्हणाले, "बसा. वाढलंय."

मी माझा डबा उचलला आणि त्या खुर्चीवर जाऊन बसलो.