समुद्रावरचे प्रायव्हेट फोटो

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये कपाट एकच होतं आणि त्याचं दारही नीट लागत नव्हतं, पण किस्से मात्र कितीही मावायचे. मधल्या सुट्टीत कुणीतरी सहज एक सांगायचं, त्याला लागून दुसरा निघायचा, आणि सुट्टी संपल्याची घंटा कुणालाच ऐकू यायची नाही. त्यातले निम्मे किस्से आमच्या एकाच सहलीचे. आणि त्यातल्या बहुतेकांत फजिती झालेली बाई म्हणजे मी. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगून टाकते.

लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. पाट्या नव्या, शिक्के नवे, साहेब नवे. पाऊस मात्र त्या वर्षी आलाच नाही म्हटलं तरी चालेल. दिवाळीच्या आधीच गल्लीत टँकर सुरू झाले होते आणि हॉर्न वाजला की माझं फळ्यावरचं लक्ष उडायचं.

सहलीचं खरं कारण समुद्र नव्हता, माझे डोळे होते. माझ्या आयुष्यातल्या प्रत्येक फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत. मॅट्रिकच्या फोटोत मिटलेले, लग्नाच्या फोटोत मिटलेले, जिल्हा झाला म्हणून शाळेनं काढलेल्या ग्रुप फोटोतही मिटलेले. लग्नाचा फोटो बैठकीत लावलेला होता. पाहुणे आले की सासूबाई आपणहून सांगायच्या, "सून झोपलेली न्हाई बरं. लाजलीय."

मी शाळेत भूगोल शिकवायची, त्यामुळे मला प्रत्येक गोष्टीचं कारण सापडायचं. स्टुडिओतल्या दिव्यांनी डोळे दिपतात, हे माझं निदान. म्हणजे मोकळी हवा पाहिजे, सकाळचं कोवळं ऊन पाहिजे आणि टक लावून बघणारी माणसं नकोत. असं ठिकाण कोणतं? समुद्र. तिथला फोटोग्राफर सकाळी फक्त आपल्यापुरता ठरवायचा आणि निवांत फोटो काढून घ्यायचे. स्टाफरूममध्ये मी हे मांडलं तेव्हा शेख बाई लगेच तयार झाल्या. त्या नांदेडच्या, हिंदी शिकवायच्या, आणि त्यांचा आवाज मैदानापलीकडं जायचा. गायकवाड बाई लोह्याकडच्या, आमच्यात सगळ्यांत मोठ्या, गणिताच्या. सकाळची वंदना झाल्याशिवाय त्या चहाला हात लावत नसत आणि पोरी त्यांना वाघाला भ्यावं तशा भ्यायच्या. त्या म्हणाल्या, "मी येते. फोटोबिटो तुमचे तुम्ही काढा."

सोबतीला पुरुष माणूस हवं म्हणून आमचे हे आले.

*

निघायच्या आदल्या दिवशी मी ट्रंक भरत होते. फोटोसाठी लग्नातला शालू, तो नीट नाही आला तर जरीची निळी साडी, तीही उडाली तर सुती एक, शिवाय तिघींना पुरतील इतक्या पिना आणि पावडरचा डबा. यांनी ट्रंक उचलून बघितली आणि परत खाली ठेवली.

"समुद्र बघायला चाललोय," हे म्हणाले, "का समुद्राचं लगीन लावायला?"

मी ट्रंक परत उघडली, कारण मला अजून बांगड्या ठेवायच्या होत्या.

पण हसायचा हक्क यांनाही नव्हता. एसटी स्टँडवर पोहोचल्यावर बघते तर यांच्या दोन्ही हातात पाण्यानं भरलेले कॅन. लातूरजवळच्या मुरुडच्या माझ्या भावाच्या बोअरचं पाणी. चांगलं पाणी म्हणून जपून ठेवलेलं, घरी ठेवलं तर शेजारी संपवतील म्हणून सोबत घेतलेलं. ते कॅन सोलापूर, कोल्हापूर करत आमच्याबरोबर घाट उतरले. कोकणात उतरल्यावर कंडक्टर म्हणाला, "साहेब, तेल हाय का?"

"पाणी हाय," हे म्हणाले.

कंडक्टरनं एकदा रस्त्याकडेच्या भरून वाहणाऱ्या ओढ्याकडं बघितलं, एकदा यांच्याकडं बघितलं, आणि घंटी मारली.

*

लॉज म्हणजे एका काकूंचं घर होतं, मागं विहीर, विहिरीवर पंप. काकूंनी वहीत नाव लिहायला सांगितलं. आमचे हे नव्या जिल्ह्याच्या कचेरीतच क्लार्क. त्यांनी मोठ्या झोकात 'जिल्हा लातूर' लिहिलं. काकूंनी चष्मा लावून वाचलं, ते खोडलं आणि वर 'उस्मानाबाद' लिहिलं.

"काकू, आता लातूरच जिल्हा हाय," हे म्हणाले.

"असेल हो," काकू समजुतीनं म्हणाल्या, "पण आमच्या नकाशात नाही."

जेवण होईपर्यंत यांनी ती वही दोनदा उघडून बघितली.

त्याच संध्याकाळी मी मोरीत गेले आणि सवयीनं नळ सोडून बघितला. पाणी आलं. मी धावत बाहेर येऊन सांगितलं, "नळ आलाय." त्यानंतर काय झालं ते आम्हालाही नीट कळलं नाही. शेख बाईंनी बादल्या लावल्या, मी घागर लावली, यांनी पिंप लावलं. काकूंच्या स्वयंपाकघरातली पातेली, तांबे, कढई, शेवटी खोलीतले पाणी प्यायचे पेलेसुद्धा भरून ओळीनं ठेवले. नळ काही जाईना. आम्ही थकलो, नळ थकेना.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. सगळ्या घरभर भरलेली भांडी बघून त्यांनी हळूच विचारलं, "कुणाकडं काही कार्य आहे का?"

गायकवाड बाईंनी पुढं होऊन नळ बंद केला. "न्हाई," त्या म्हणाल्या, "आम्ही लातूरचे आहोत."

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किनाऱ्यावर फोटोग्राफर सापडला. डोक्यावर हॅट, गळ्यात कॅमेरा, हातात नमुन्याच्या फोटोंचा पुठ्ठा. त्यात माणसं मावळता सूर्य चिमटीत धरून उभी होती. भोवती ही गर्दी. मला चारचौघांत बोलायची लाज वाटली म्हणून मी त्याला जरा बाजूला बोलावलं आणि आवाज खाली करून म्हणाले, "आम्हाला प्रायव्हेट फोटो पाहिजेत. उद्या सकाळी. कुणी नसतं अशा जागी."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग मागं उभ्या असलेल्या दोन बायांकडं. मग यांच्याकडं, जरा जास्त वेळ.

"ताई," तो म्हणाला, "तसले फोटो आपण काढीत नाय."

मला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा समुद्रानं पुढं येऊन मला घेऊन जावं असं वाटलं. यांनी तर पाठ फिरवून वाळूतले शिंपले मोजायला सुरुवात केली. शेवटी शेख बाई पुढं आल्या.

"अजी, टीचर हैं हम," त्या म्हणाल्या, आणि तो आवाज सगळ्या किनाऱ्यानं ऐकला. "अकेले में फोटू खिंचवाना है, इत्ताच. बाई शरमाती है, इसलिए प्रायव्हेट बोली."

पन्नास माणसं वळून शरमणारी बाई कोणती ते बघू लागली. प्रायव्हेट ठेवायचं होतं ते असं सगळ्या गावाला कळलं. पण ठरलं. सकाळी, सुरूच्या झाडांमागच्या रिकाम्या किनाऱ्यावर.

*

सकाळी मी शालू नेसून उभी राहिले. ऊन कोवळं होतं, माणसं नव्हती, सगळं माझ्या निदानाप्रमाणं होतं. फोटोग्राफर म्हणाला, "तीन म्हटलं की काढतो." तीन म्हटलं, मी डोळे मिटले.

"बरं, दोनवर काढतो." मी दोनवर मिटले.

"काहीच म्हणत नाही." तो गप्प राहिला. कधी काढतोय याच्या धास्तीनं मी मिटलेलेच ठेवले.

मग हे मार्गदर्शनाला आले. "तू आता डोळे मिटूनच उभी राहा. मी म्हटलं की उघड." मी मिटले. यांनी 'उघड' म्हटलं, मी उघडले, समोरून वारा आला, डोळ्यांत वाळू गेली.

शेख बाईंची अडचण वेगळी होती. त्यांना मागं फक्त समुद्र हवा होता, दुसरं काही नको. पण एक पिवळं कुत्रं त्यांच्या मागं येऊन बसायचं. त्यांनी हाकललं की जायचं, त्या उभ्या राहिल्या की परत यायचं. त्या वर्गातल्यासारख्या ओरडल्या, "निकल बाहर." कुत्रं उठलं आणि माझ्या मागं येऊन बसलं.

तेवढ्यात एक लाट जरा पुढं आली आणि बाजूला काढून ठेवलेल्या माझ्या चपला घेऊन गेली. नव्या कोऱ्या, सहलीसाठी घेतलेल्या. मी शालू गुडघ्यापर्यंत उचलला आणि "धरा, धरा" म्हणत पाण्यात पळाले. मागं कॅमेरा वाजला तो मला ऐकूही आला नाही. एक चप्पल हाती लागली.

*

महिन्याभरानं फोटो पोस्टानं घरी आले. सगळे बैठकीत बसून बघायला लागलो. पहिल्या फोटोत माझे डोळे मिटलेले, मागं कुत्रं. दुसऱ्यात मिटलेले, मागं कुत्रं. कुत्र्याचे मात्र प्रत्येक फोटोत डोळे उघडे, मान सरळ, नजर कॅमेऱ्यात.

"हे कुणाचं म्हणायचं?" सासूबाईंनी विचारलं. "लई गुणाचं दिसायलंय."

शेवटचा फोटो चपलेचा होता. त्यात माझे डोळे उघडे आहेत. बिबट्या मागं लागलेल्या गायीइतके उघडे. तोंडही तेवढंच उघडं, शालू वर, केस मोकळे, एक हात समुद्राच्या दिशेनं. सासूबाईंनी तो बराच वेळ बघितला.

"ही कोण बाई?" त्या म्हणाल्या.

यांनी तोच फोटो फ्रेम करून आणला आणि लग्नाच्या फोटोशेजारी लावला. पाहुणे दोन्ही बघून विचारायचे, मधल्या काळात काय झालं?

*

फोटोचा काही तरी उपयोग व्हावा म्हणून त्यातला एक मी सातवीच्या वर्गात नेला. पोरींनी समुद्र बघितलेला नव्हता. फोटो बाकांवरून फिरला. मी म्हटलं, माझ्याकडं बघू नका, मागं बघा.

पहिल्या बाकावरची एक पोर, तिच्या घरी तिच्याकडंच पाणी भरायचं काम होतं, ती फोटो हातात धरून म्हणाली, "बाई, हे पाणी कोणत्या दिवशी सोडतात?"

मी सांगितलं की ते सोडत नाहीत, ते तिथं असतंच. मग मागून कुणीतरी विचारलं, "मग आपले टँकर तिथूनच का भरत न्हाईत?"

"ते खारट असतं," मी म्हटलं. हे मी नोकरीला लागल्यापासून शिकवत होते.

"तुम्ही चाखलं का?"

समुद्रात गुडघाभर उभी राहून आले होते. पावडर लावली होती, पिना लावल्या होत्या, कुत्र्याशी भांडले होते. एक थेंब जिभेवर ठेवायचं भूगोलाच्या बाईला सुचलं नव्हतं.

"पुस्तकात दिलेलं आहे," मी म्हटलं, आणि फोटो परत घेतला.

*

आता शेवटचा सांगते. हा मी स्टाफरूममध्ये कधी सांगितला नाही.

फोटो काढून झाल्यावर आम्ही लॉजकडं निघालो. गायकवाड बाई त्या सकाळी आमच्या पर्स आणि पिना सांभाळत सुरूखाली बसल्या होत्या. आम्ही दोनदा विचारलं होतं, एक तरी काढा म्हणून. त्या म्हणाल्या होत्या, "मी येते मागून, तुम्ही व्हा पुढं." अर्ध्या वाटेवर मला वाटलं, लाटेनं एखाद वेळी दुसरी चप्पल परत टाकली असेल. म्हणून मी एकटीच मागं आले.

झाडांपर्यंत आले तर फोटोग्राफर कॅमेऱ्याला कातडी खोळ घालत होता. गायकवाड बाई त्याच्यासमोर उभ्या होत्या.

"माझा एक काढता का?" त्या म्हणाल्या.

तो ओशाळला. "बाई, रोल संपलाय. कुत्र्यात गेला सगळा. दुकानही आज बंद आहे."

"ते माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "तुम्ही काढा."

मग त्यानं खोळ परत काढली, कॅमेरा गळ्यात घातला आणि हॅट सरळ केली.

बाईंनी चष्मा काढून पदराच्या गाठीत बांधला. चपला काढल्या आणि पाण्यात गेल्या, घोट्यापर्यंत, मग आणखी थोडं पुढं. अंबाडा सोडला. त्यांचे केस इतके लांब असतील हे आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. मग त्या वळल्या आणि हसल्या. त्यांचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. आमच्या शाळेतल्या कुठल्याही पोरीला ओळखू आल्या नसत्या.

"जरा डावीकडं," फोटोग्राफर म्हणाला. "हनुवटी वर. हां." कॅमेरा वाजला. त्यानं खटका ओढला, पुढं सरकून वाळूत गुडघा टेकला, परत एक काढला. आमच्या वेळी त्यानं गुडघा टेकला नव्हता. बाईंनी एकदा दोन्ही हात पसरले. एकदा नुसत्या समुद्राकडं बघत राहिल्या. कुणालाच घाई नव्हती.

मी झाडामागं उभी होते. पुढं जावं की मागं फिरावं ते मला कळेना, म्हणून मी तिथंच राहिले.

शेवटी बाई बाहेर आल्या, अंबाडा घातला, चष्मा लावला, साडीचे काठ पिळले. परत गणिताच्या बाई झाल्या.

"चांगले आलेत," फोटोग्राफर म्हणाला. त्यानं खिशातून पेन्सिल काढली. "कुठं पाठवू?"

गायकवाड बाईंनी जरा विचार केला.

"नको," त्या म्हणाल्या. "राहू द्या तुमच्याकडंच."